स्किल तेच, खुर्ची वेगळी: आपल्याला जे येतं त्याला नीट पैसे देणारी वाट कशी शोधायची

"मला ड्रॉइंग छान येतं, कुठली लाइन घेऊ?" "माझं गणित चांगलं आहे, स्कोप कशात आहे?" असं विचारणारे बरेच जण भेटतात आणि दरवेळी मला वाटतं की यांनी प्रश्न अर्धाच विचारलाय. आपल्याला काय येतं ते सांगितलं, पण ते नसेल तर अडतं कुणाचं, हे सांगितलंच नाही. पैसा मात्र त्या राहिलेल्या अर्ध्यातून येतो, म्हणून मी इथे जास्त वेळ त्यावरच घालवणार आहे.

माझंच सांगते. मला लिहिता येतं, अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते. पहिली चार वर्षं मी वेबसाइटसाठी शब्दांच्या हिशोबाने लेख लिहून द्यायचे. काम भरपूर, पण रेट वाढवायचा विषय काढला की समोरून उत्तर यायचं, दुसरे दहा जण याच रेटला तयार आहेत. आणि ते खोटंही नव्हतं. मग ओळखीतून मशीन बनवणाऱ्या एका कंपनीचं मॅन्युअल लिहायचं काम आलं. तीच मी, तसंच सोपं लिहिणं, पण मॅन्युअल कळत नव्हतं म्हणून तिथे सर्व्हिसच्या लोकांना दिवसभर फोन यायचे, मशीन चुकीचं जोडलं जायचं, माल परत यायचा. म्हणजे मी एक वाक्य स्पष्ट लिहिलं की त्यांचा खर्च वाचत होता, आणि तो किती वाचतोय हे त्यांना मोजताही येत होतं. तासाचा हिशोब केला तर पहिल्याच कामात मला जवळजवळ तिप्पट मिळाले. माझं लिखाण काही रातोरात तिप्पट सुधारलं नव्हतं, मी फक्त दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले होते.

तर करिअर निवडायचं म्हणजे बरेचदा नवीन स्किल शोधायचं नसतं, आहे त्या स्किलला चांगली खुर्ची शोधायची असते. ती कशी शोधायची ते आता सांगते.

आधी "येतं" म्हणजे नेमकं काय येतं ते लिहून काढा

वही घ्या नाहीतर फोनमध्ये नोट उघडा, पण लिहा, मनातल्या मनात करू नका. आणि लिहिताना लेबलं लावू नका. "मी डिझायनर", "मी कॉमर्सची", "मला एक्सेल येतं", ही सगळी लेबलं. त्याऐवजी वाक्यात क्रिया येऊ द्या: विस्कटलेली माहिती घेऊन तिचा एका पानाचा तक्ता करते, चिडलेल्या माणसाशी बोलून त्याला शांत करतो, बिघडलेली वस्तू उघडून बिघाड शोधतो, पाच जणांची वेळ जुळवून काम तारखेला पूर्ण करून घेते. लेबल लिहिलं की एकच वाट दिसते, डिझायनरने डिझाइनचा जॉब शोधायचा. क्रिया लिहिली की तेच काम आणखी कुठे कुठे लागतं ते सुचायला लागतं.

यादी एका बैठकीत होत नाही. दोन आठवडे रोज रात्री पाच मिनिटं काढा आणि तीन गोष्टी टिपा: आज लोक माझ्याकडे काय विचारायला आले, कुठलं काम माझं इतरांपेक्षा लवकर झालं, आणि कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही. यातली पहिली गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण लोक ज्या गोष्टीसाठी न बोलावता तुमच्याकडे येतात तिची मागणी तुमच्या डोळ्यासमोरच असते.

पण आपण आपल्याबद्दल जे लिहितो त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. १९९९ मध्ये जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लॉजिक, व्याकरण वगैरेच्या टेस्ट दिल्या आणि तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे असाल असं विचारलं. सगळ्यात खालच्या पाव भागातले लोक प्रत्यक्षात सरासरी शंभरातल्या १२ जणांच्याच पुढे होते, आणि त्यांचा स्वतःचा अंदाज होता ६२ जणांच्या पुढे. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट करिअरच्या दृष्टीने जास्त कामाची आहे: सगळ्यात वरच्या पाव भागातल्यांनी स्वतःला आहे त्यापेक्षा खाली धरलं होतं, कारण मला सोपं जातंय म्हणजे सगळ्यांनाच जात असणार असं त्यांना वाटत होतं. तुमचं सगळ्यात किमती काम बहुतेक तुमच्या यादीतून सुटलेलं असतं, कारण "हे काय, हे तर कोणीही करेल" म्हणून तुम्ही ते लिहिलेलंच नसतं.

यावर उपाय एकच, ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय अशा तिघांना विचारा. जुने सहकारी, आधीचे बॉस, कधीतरी काम करून दिलेलं कोणी. घरच्यांना शक्यतो नको, ते प्रेमाने बोलतात. "माझ्यात काय चांगलं आहे?" असंही विचारू नका, त्याला गोड उत्तर मिळतं. विचारा, "माझ्याकडून कुठलं काम करून घ्यायला तुम्ही स्वतःचे पैसे दिले असते, आणि कुठलं माझ्याकडे अजिबात दिलं नसतं?" दुसरा अर्धा प्रश्न थोडा टोचतो पण तोच जास्त उपयोगी पडतो.

आवडीच्या टेस्टबद्दल थोडक्यात. १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना काम निवडायला मदत करणारं केंद्र सुरू केलं, त्यांचं म्हणणं साधं होतं, आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती काढा, मग दोन्हीची सांगड घाला. १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी लोकांचे आणि कामांचे सहा प्रकार मांडले: हाताने करायचं, शोध घ्यायचं, कलेचं, लोकांना मदत करायचं, पुढाकार घेऊन पटवायचं, आणि नीटनेटक्या हिशोबाचं. आजच्या बहुतेक करिअर टेस्ट फिरून फिरून याच सहांवर येतात. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या ओ-नेट या फुकट साइटवर ६० प्रश्नांची अशी टेस्ट आहे, आणि शेकडो व्यवसायांमध्ये रोज नेमकं काय करावं लागतं याच्या याद्याही आहेत. पगाराचे आकडे त्यांच्या देशाचे, ते सोडून द्या, कामांच्या याद्या मात्र कुठल्याही देशात वाचण्यासारख्या आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, टेस्ट तुमची आवड सांगते. तुम्हाला ते जमतं का आणि त्याचे पैसे कोण देणार, हे ती सांगू शकत नाही. म्हणून टेस्टसाठी एक संध्याकाळ पुरे.

मग बघा की पैसा कुणाच्या खिशातून येणार आणि का येणार

हा भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात, आणि मला विचाराल तर निम्मा निर्णय इथेच होतो.

वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे पैसे का मिळतात याचं उत्तर अर्थतज्ज्ञ अॅडम स्मिथने १७७६ मध्येच दिलंय आणि ते अजूनही लागू पडतं. त्याने पाच कारणं सांगितली. काम सुखाचं की त्रासाचं. शिकायला किती अवघड आणि खर्चिक. काम सतत मिळतं की मधूनमधून. माणसावर किती विश्वास टाकावा लागतो. आणि त्यात यश मिळायची शक्यता किती. गवंड्याला जास्त मजुरी का, तर कडाक्याच्या थंडीत त्याचं काम बंद पडतं, मग ज्या दिवसांत काम आहे त्यांनी बिनकामाचे दिवसही भरून काढायला हवेत. सोनाराला जास्त का, तर त्याच्या हातात मौल्यवान माल द्यावा लागतो. पाचव्या कारणाचं त्याचं उदाहरण मला फार आवडतं: मुलाला चप्पल-बूट शिवायला शिकवलं तर तो ते शिकणार हे जवळजवळ नक्की, पण वकिली शिकायला पाठवलं तर त्यावर पोट भरण्याइतकं जमणं म्हणजे वीसात एखादा.

आता ही पाच कारणं तुमच्या यादीला लावून बघा. त्रासाचं काम म्हणजे घाण किंवा जड कामच असं नाही, कंटाळवाणं कामही त्यातच येतं. ज्यांना डेटा साफ करायचा, करार बारकाईने वाचायचे, जुन्या सिस्टिमला सांभाळून घ्यायचं याचा कंटाळा येत नाही त्यांना त्याची किंमत मिळते, कारण बाकीचे पळतात. ग्लॅमर असलेल्या क्षेत्रात उलटं होतं, फुकट काम करायलाही लोक रांगेत उभे असतात, मग रेट खाली येतो. तुम्हाला ग्लॅमरचं क्षेत्रच आवडत असेल तर जरूर जा, पण त्यातली जी बाजू कोणाला नको असते ती बघा. सिनेमात दिग्दर्शक व्हायला हजारो तयार असतात, शूटिंगचं शेड्यूल आणि बजेट जुळवणारा चांगला माणूस शोधावा लागतो.

विश्वासाचं कारण मला सगळ्यात जास्त कामाला आलं. स्वतःला विचारा, माझ्या कामात चूक झाली तर समोरच्याला किती महागात पडेल? भाषांतराचं उदाहरण घ्या. प्रवासवर्णनात एखादं वाक्य थोडं इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही. औषधाच्या माहितीपत्रकात एक शून्य चुकलं तर कुणाच्या जिवाशी खेळ होतो. दोन्हीकडे भाषांतरच करायचंय, पण दुसरीकडे गिऱ्हाईक स्वस्त माणूस शोधत नाही, भरवशाचा शोधतं. त्यामुळे तुमचं स्किल जिथे चूक परवडत नाही अशा जागी नेता येतं का ते बघा. तिथे पोचायला वेळ लागतो, विषय शिकावा लागतो, कधी परीक्षा किंवा लायसन्स लागतं. तेच कुंपण नंतर तुमच्या उपयोगाला येतं, कारण येणाऱ्या प्रत्येकाला ते ओलांडावं लागतं. आपल्या देशात त्या कामाला लायसन्स लागतं का, ते मिळायला किती वर्षं जातात, हे मात्र पहिल्याच आठवड्यात तपासा.

आणखी एक गोष्ट, कामाचे पैसे कसे वाटले जातात. शेर्विन रोझेन या अर्थतज्ज्ञांनी १९८१ मध्ये दाखवलं की ज्या कामाची कॉपी एकाच वेळी लाखो लोकांपर्यंत जाऊ शकते तिथे थोडासा जास्त चांगला असलेला माणूस बाकीच्यांपेक्षा कैकपट कमावतो. गायक, विनोदवीर, खेळाडू, आता व्हिडिओ बनवणारे. याउलट डेंटिस्टच्या खुर्चीत एका वेळी एकच पेशंट बसतो, त्यामुळे शहरातला सर्वात चांगला डेंटिस्टही सगळे पेशंट घेऊच शकत नाही, आणि मधल्या फळीतला डेंटिस्टसुद्धा बऱ्यापैकी जगतो. तुम्ही कुठल्या बाजारात उतरताय ते माहीत असू द्या. पहिल्या प्रकारात "मी चांगला आहे" पुरत नाही, तुम्हाला अगदी वरच्या मूठभर लोकांत यावं लागतं, आणि ते होईपर्यंत घर चालवायला दुसरं काहीतरी लागतं. ज्यांना गाणं येतं त्यांनी गाऊ नये असं मी म्हणत नाहीये, पण गाणं शिकवणं, रेकॉर्डिंगचं तांत्रिक काम, दुसऱ्याच्या ऑडिओचं एडिटिंग हे सगळं दुसऱ्या प्रकारात येतं आणि तिथे मधल्या फळीलाही जागा असते.

नोकरी निवडत असाल तर अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये केलेला फरक लक्षात ठेवा. काही ट्रेनिंग कुठेही चालतं, काही फक्त त्याच कंपनीत. त्या कंपनीचीच सिस्टिम, त्या कंपनीचेच फॉर्म, तिथल्याच साहेबांच्या सवयी, यात तुम्ही पाच वर्षांत एक्स्पर्ट झालात तरी दरवाजाबाहेर पडलात की त्याची किंमत शून्य. ऑफर दोन असतील आणि पगारात थोडाच फरक असेल तर जिथे शिकलेलं बाहेरही चालतं ती घ्या, विशेषतः पहिल्या पाच-सात वर्षांत.

दोन-तीन गोष्टी बऱ्या येतात, मग कुठली धरू?

हा प्रश्न मला स्वतःला फार छळायचा. यावर सगळ्यात चांगलं उत्तर मला व्यापाराच्या एका जुन्या हिशोबात सापडलं. १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डो या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने एक उदाहरण मांडलं. इंग्लंडला ठरावीक कापड बनवायला वर्षभर १०० माणसं लागतात आणि ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालला तेच कापड ९० माणसांत जमतं आणि वाइन ८० माणसांत. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत पुढे. तरी पोर्तुगालने वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं यात दोघांचा फायदा, कारण वाइनमध्ये पोर्तुगालची आघाडी कापडापेक्षा कितीतरी मोठी आहे.

आपल्यालाही हेच लागू होतं. समजा तुम्ही डिझाइनही करता आणि क्लायंटशी बोलताही, आणि दोन्ही तुमच्या टीममधल्या बाकीच्यांपेक्षा बरं करता. तर "मला जास्त चांगलं काय येतं?" हा प्रश्न सोडा आणि "इतरांच्या आणि माझ्यामध्ये सगळ्यात मोठं अंतर कशात आहे?" असं विचारा. डिझाइनमध्ये तुम्ही थोडे पुढे असाल आणि क्लायंटची अडचण ऐकून घेण्यात खूप पुढे, तर ज्या कामात ऐकून घेणं मध्यभागी आहे तिकडे जा, डिझाइन तिथे आधाराला राहील. आणि जे कुठल्याच गोष्टीत पहिले नाहीत त्यांनी या हिशोबाने खरंच धीर धरावा, इंग्लंड दोन्हीत मागे होतं तरी त्याच्यासाठी जागा होतीच.

दोन स्किल एकत्र बांधणं हाही एक चांगला मार्ग आहे. नुसता अकाउंट्स जाणणारा आणि नुसता प्रोग्रॅम लिहिणारा खूप मिळतात. अकाउंट्सच्या लोकांची भाषा कळणारा आणि त्यांची रोजची किचकट कामं छोट्या प्रोग्रॅमवर टाकून देणारा कमी मिळतो. दोन्हीत तो सर्वोत्तम असायची गरज नाही. पण जोडी करताना दोन्ही एकाच गिऱ्हाइकाच्या उपयोगाची आहेत ना ते बघा, नाहीतर दोन वेगळे छंद एका रिझ्युमेवर ठेवल्यासारखं होतं.

हल्ली सगळे विचारतात, मशीन हे काम खाईल का? पूर्ण व्यवसायाकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही आणि रिचर्ड मर्नेन या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये कामाचे तुकडे करून पाहिलं आणि त्यांना दिसलं की कॉम्प्युटर ठरावीक नियमांनी चालणारे तुकडे घेतो आणि प्रसंग बघून ठरवायचे, माणसांना समजावायचे तुकडे करणाऱ्यांना आणखी कामाचं बनवतो. आता मशीन लिहायला आणि चित्र काढायलाही लागलंय, त्यामुळे सीमा सरकलीय, पण पद्धत तीच वापरा. तुमच्या कामाचे दहा तुकडे करा आणि प्रत्येकापुढे लिहा की यात चूक झाली तर जबाबदारी कोण घेतं. जिथे जबाबदारी घेणारा माणूस लागतो त्या तुकड्यांकडे वेळ वळवत न्या.

नोकरी की स्वतःचं? आधी तासांचा हिशोब

इथे भावनेवर जाऊ नका, गणित करा. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातले सुट्टी आणि आजारपणाचे ६ काढा, उरले ४६. आठवड्याला ४० तास धरले तर १,८४० तास. आता स्वतंत्र काम करताना गिऱ्हाईक शोधणं, कोटेशन देणं, बिलं, पैशांसाठी पाठपुरावा, नवीन शिकणं यात माझ्या अनुभवाने ४० टक्के वेळ जातो. म्हणजे ज्याचं बिल लावता येतं असे तास उरतात साधारण १,१००. नोकरीत मात्र सुट्टीसकट ५२ आठवड्यांचे २,०८० तास पगारी असतात. म्हणजे नोकरीच्या तासाच्या हिशोबाने रेट लावलात तर वर्षाच्या शेवटी जवळजवळ अर्धेच हातात येतील. त्यात कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, इन्शुरन्स, म्हातारपणाची तरतूद सगळं आपलं आपण. म्हणून तासाचा रेट नोकरीच्या किमान दुप्पट हवा, आणि बाजारात तेवढा मिळतच नसेल तर त्या स्किलसाठी तूर्तास नोकरी हीच चांगली खुर्ची आहे, त्यात कमीपणा काही नाही.

तासावर पैसे घेण्याची एक अडचण अशी की तुम्ही जितके पटकन काम करायला शिकाल तितके पैसे कमी होतात. म्हणून काम ओळखीचं झालं की पूर्ण कामाची एक किंमत सांगायला लागा. सुरुवातीला मात्र तास लिहून ठेवा, नाहीतर पूर्ण कामाची किंमत अंदाजाने सांगाल आणि बहुतेक कमीच सांगाल. मी हे दोन वर्षं केलं नाही आणि त्याचा फटका बसला.

उडी मारायच्या आधी लहान प्रमाणात करून बघा

नोकरी सोडून, कर्ज काढून, महागडा कोर्स लावून मग बघू असं करू नका. आधी वीस जाहिराती गोळा करा, ज्या कामाकडे जायचंय त्याच कामाच्या. प्रत्येकीत काय मागितलंय ते एका कागदावर उतरवा आणि एकच गोष्ट पुन्हा आली की रेघ मारत जा. तासाभरात दिसतं की खरंच काय लागतं, त्यातलं तुम्हाला किती आधीच येतं, आणि जो कोर्स कोणी तुम्हाला विकतंय त्याचं नाव वीसातल्या किती जणांनी घेतलंय. एकानेही घेतलं नसेल तर पैसे खिशात ठेवा. "नोकरीची हमी" म्हणणाऱ्यांना लेखी विचारा की नोकरी नाही लागली तर किती पैसे, कधी आणि कुठल्या अटीवर परत देणार.

मग नमुना तयार करा. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं की माणूस पुढे कामात कसा निघेल याचा अंदाज कशावरून येतो. १ म्हणजे अचूक अंदाज असं धरलं तर प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या टेस्टला ०.५४ मिळाले, अनुभवाच्या वर्षांना ०.१८ आणि शिक्षणाच्या वर्षांना फक्त ०.१०. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशोब पुन्हा तपासला तेव्हा हे आकडे बरेच खाली आले, तरी करून दाखवलेलं काम वरच्याच फळीत राहिलं. म्हणजे तुमच्याकडे त्या क्षेत्राची डिग्री नसेल, वर्षं नसतील, तर दाखवण्यासारखं काम हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. कोणाचं तरी कळत नसलेलं मॅन्युअल घेऊन दोन पानं नव्याने लिहा, एखाद्या गोंधळाच्या फॉर्मचं साधं रूप करा, आणि शेजारी "आधी" आणि "नंतर" ठेवा. तीन नमुने पुरतात, पण ते ज्या गिऱ्हाइकाला दाखवायचे त्याच्याच जगातले हवेत. मी मॅन्युअलच्या कामाला गेले तेव्हा लेखांचा ढीग नेला होता आणि तो कोणी उघडूनही पाहिला नाही, मग त्यांच्याच मशीनचं एक पान लिहून नेलं तेव्हा बोलणं सुरू झालं.

यानंतर पैसे घेऊन एक छोटं काम करा. फुकट नको. फुकट दिलं की सगळे छान म्हणतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. थोडी का होईना रक्कम सांगितली की समोरच्याचा चेहरा सांगतो, याला ही अडचण खरंच आहे की नुसतं कौतुक करत होता.

हे पहिलं काम मिळणार कुठून?

बहुतेक वेळा जवळच्या मित्रांकडून नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये छापलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं की ती माहिती देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८. कारण सोपं आहे, जवळच्या लोकांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी लोकांवरच्या प्रयोगातही असंच दिसलं, जरा बारकाव्यासकट: अगदीच अनोळखी नव्हे आणि अगदी जवळचेही नव्हे, मधल्या ओळखी सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या.

तेव्हा अशा दहा जणांची नावं काढा, जुन्या ऑफिसमधले, एकदा सोबत काम केलेले, कॉलेजमध्ये मागच्या बाकावर बसणारे, आणि त्यांना नोकरी मागू नका. वीस मिनिटं मागा. तुम्ही जे काम करायचा विचार करताय ते करणारा त्यांच्या ओळखीत कोण आहे ते विचारा. तो भेटला की "स्कोप कसा आहे?" विचारू नका, "मागच्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?" असं विचारा. "या कामात लोक कशामुळे सोडून जातात?" "नवीन माणसाला पहिले पैसे कशाचे मिळतात?" "पाच वर्षांनी पैसे कुणाचे वाढतात आणि कुणाचे अडकतात?" पाच जणांशी असं बोललात की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. बोलून झाल्यावर धन्यवादाचा मेसेज टाका आणि महिन्याभराने, त्यांच्या सल्ल्याचं तुम्ही पुढे काय केलंत ते कळवा. दुसरा मेसेज फार कमी लोक करतात, आणि मला माझी दोन कामं त्यातूनच मिळाली.

तीन महिन्यांनी वही उघडा

सुरू करतानाच एक तारीख ठरवून वहीत लिहा, आणि त्या तारखेला काय असेल तर पुढे जायचं हेही लिहा. नंतर लिहिलं की आपण आपल्यालाच सूट देतो, इतके कष्ट केलेत आता कसं सोडू असं वाटतं. गेलेले कष्ट गेले, बघायचं ते पुढच्या तीन महिन्यांचं. आणि पूर्ण उडी मारायची असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, कारण हातात पैसा नसला की माणूस मिळेल त्या रेटला हो म्हणतो आणि तोच रेट मग चिकटतो.

त्या तारखेला तीन आकडे बघा: किती जणांना विचारलं, किती जणांनी पैसे दिले, आणि त्यातले किती परत आले. विचारलंच पाच जणांना असेल तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, आधी तीस जणांना विचारा. तीस जणांना विचारून कोणीच पैसे दिले नाहीत, पण काम छान आहे म्हणाले, तर स्किलला नावं ठेवू नका, गिऱ्हाईक बदला, त्याच कामाची खरी गरज असलेला दुसरा गट शोधा. पैसे दिले पण कोणी परत आलं नाही तर कामातच काहीतरी कमी पडतंय, त्यातल्या दोघांना फोन करून सरळ विचारा. परत येतायत, वेळेवर पैसे देतायत, आणि नवीन काम घ्यायला तुमच्याकडे तास उरत नाहीत, तर पुढच्या गिऱ्हाइकाला पाव पट जास्त रेट सांगा, आणि त्याने लगेच हो म्हटलं तर त्याच्या पुढच्याला आणखी थोडा.

आणि कधी असंही होतं की पैसे येतायत, लोक परत येतायत, पण रविवारी रात्रीच पोटात गोळा येतो. तेव्हा सगळं सोडून द्यायच्या आधी वहीतली ती पहिली क्रियांची यादी काढा आणि बघा की कंटाळा त्या क्रियेचाच आलाय की ती ज्यांच्यासोबत आणि ज्या विषयात करावी लागते त्याचा. माझ्या बाबतीत लिहिण्याचा कंटाळा कधीच नव्हता, जड मशीनचा आला होता. आता मी दवाखान्यातल्या उपकरणांची मॅन्युअल्स लिहिते, आणि नवीन विषय शिकायला मला पाच महिने लागले.